मुक्या तिरचिमण्या

जलशुद्धीकरण केंद्राच्या मागे जमिनीखाली चार मोठ्या टाक्या होत्या आणि त्यांच्यावर माती टाकून गवत वाढवलेलं होतं. अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी त्या गवताखाली गपगार पडून असे. वरून बघणाऱ्याला मात्र नुसता माळ दिसायचा. गुडघाभर गवत, भोवती तारेचं कुंपण, आणि टाक्यांना हवा मिळावी म्हणून मधूनमधून वर काढलेले वाकड्या मानेचे बारा पाइप. कामाशिवाय आत पाऊल टाकायची परवानगी कोणालाच नव्हती. माणसं नाहीत, गुरं नाहीत, कुत्री नाहीत. त्यामुळे तिथे तिरचिमण्या सुखाने नांदत होत्या, आणि त्यांची मोजदाद केमिस्टबाई ठेवत होत्या.

केमिस्टबाई म्हणजे केंद्राच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. वय सत्तावन्न. पाण्यातलं क्लोरीन आणि गढूळपणा मोजायचा, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, जंतू निघालेच तर कोणाला तरी झोपेतून उठवायचं, हे त्यांचं काम. पक्षी मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्या नमुने घ्यायला टाक्यांवर गेल्या होत्या, तेव्हा पायाशी काहीतरी फुर्रकन उडालं आणि बाईंना प्रश्न पडला, हे काय. बाईंना प्रश्न पडला की त्यांना जेवण गोड लागत नसे. सुटल्यावर लगेच दुसरा पडायचा, त्यामुळे त्यांचं जेवणाकडे एकूणच दुर्लक्ष झालेलं होतं.

तिरचिमणी दिसायला अगदी साधी. चिमणीएवढीच, पण सडपातळ, रंगाने मातकट आणि छातीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या रेघा. झाडाफांद्यांशी तिचं फारसं देणंघेणं नाही. चिमणी टुणटुण उड्या मारते, ही मात्र चालते. एकापुढे एक पाऊल टाकत, शेपटी खालीवर हलवत, पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईसारखी चालते. पायाच्या मागच्या बोटाचं नख लांबलचक, गवतातून चालायला सोयीचं. घरटंही जमिनीवरच, गवताच्या बुंध्याखाली एखाद्या वाटीएवढं. पण खरी लबाडी पुढेच आहे. ती घरट्याजवळ कधी उतरत नाही. लांब कुठेतरी उतरते आणि मग गवताखालून गुपचूप चालत घरी जाते. ती जिथे उतरली तिथे धावत गेलात तर तुमच्या हाती काही लागत नाही.

असा पक्षी डोळ्यांनी मोजायचा म्हटलं तर माणूस वेडा होईल. म्हणून तो कानांनी मोजायचा. विणीच्या दिवसांत नर पहाटे गवतातून सरळ वर चढतो, आणि पंख ताठ करून, शेपटी उंचावून तरंगत खाली येतो. येताना सगळा वेळ गातो. गाणारा एक नर म्हणजे एक घर, असा हिशेब. बाई दर वर्षी त्याच आठवड्यात, पहाटे, प्रत्येक पाइपापाशी पाच मिनिटं उभ्या राहायच्या, ऐकायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. सुरुवातीची पंधरा-सोळा वर्षं आकडा अठ्ठावीस ते एकतीसच्या मध्ये राहिला. मग उतरण लागली. चोवीस, एकोणीस, पंधरा, तेरा, अकरा, आणि गेल्या वर्षी नऊ.

आणि आता त्या आकड्यावर माळाचं भवितव्य टांगलेलं होतं. केंद्राच्या साहेबांना टाक्यांवर सोलर पॅनल बसवायचे होते. पाणी मंडळातल्या कोणीतरी बाईंची वही वाचलेली होती, म्हणून मंडळाने ठराव केला: या हंगामात वीस किंवा त्याहून जास्त गाणारे नर आढळले तर गवत जसंच्या तसं राहील, कमी आढळले तर गवत खरवडून खडी टाकायची.

"बाई, मी काही पक्ष्यांचा वैरी नाही," साहेब म्हणाले. साहेब चाळिशीचे, नीटनेटके, टेबलावर एक कागद वाकडा दिसला तरी सरळ करणारे. "पण नऊ पक्ष्यांसाठी एवढी जागा अडवून ठेवायची, हे मी कोणाला समजावून सांगू? आकडा तुमचाच आहे."

आकडा आपलाच आहे, हेच बाईंच्या जिवाला लागलं होतं.

त्या रडत बसल्या नाहीत. रडण्याआधी कारण कळलं पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. मोजणीला तीन आठवडे होते. त्यांनी शोध सुरू केला. मांजरं असतील म्हणून कुंपणालगत बारीक रेती पसरून ठसे पाहिले. एका मुंगसाशिवाय कोणी आलेलं नव्हतं, आणि तेही बाहेरच्या बाहेर गेलेलं. खायला कमी पडत असेल म्हणून कापडी जाळी गवतावरून फिरवली आणि सापडलेले किडे टेबलावर पांढऱ्या ताटलीत ओतून मोजले. किडे मुबलक होते, त्यातले काही ताटलीतून निसटून मायक्रोस्कोपखाली स्वतःहून गेले. गवताची उंची पट्टीने मोजली. तीही पूर्वीइतकीच होती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त तिरचिमण्या नव्हत्या. बाईंचं कुतूहल काळजीच्या वरचढ झालं. जेवण आणखी कमी झालं.

शेवटी एका पहाटे त्यांनी घडीचं स्टूल उचललं, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि सातव्या पाइपापाशी जाऊन बसल्या. ऐकायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवून.

अर्ध्या तासाने पन्नासेक पावलांवर गवत हललं आणि एक नर वर उठला. चढत चढत बराच उंच गेला, पंख ताठ केले आणि तरंगत खाली यायला लागला. बाईंनी दुर्बीण डोळ्यांवर घट्ट धरली. चोच उघडी होती, गळा थरथरत होता, शेपटी उंचावलेली होती. सगळं पुस्तकात असावं तसं. फक्त आवाज नव्हता.

बाईंनी दुर्बीण खाली केली, पुन्हा वर केली. पक्षी उतरला, चालत निघून गेला. थोड्या वेळाने दुसरीकडे दुसरा उडाला. तोही चोच उघडून मुकाच खाली आला. त्या सकाळी असे पाच झाले. बाईंनी वहीत लिहिलं, 'नर उडतात. गाण्याचा अभिनय करतात. आवाज काढत नाहीत.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पक्षी गेलेले नव्हते. पक्षी मुके झाले होते.

खरं सांगायचं तर बाई हरखून गेल्या. असं काही त्यांनी कधी वाचलं नव्हतं. ससाण्याच्या भीतीने गप्प राहत असतील का? पण भीती वाटत असती तर एवढं उंच उडून दाखवलं कशाला असतं? मग नवे पंप त्यांच्या डोळ्यांसमोर आले. सात वर्षांपूर्वी बसवलेले, दिवसरात्र घरघरणारे. गोंगाटात गाऊन उपयोग नाही म्हणून बिचाऱ्यांनी गाणं सोडलं असेल. त्या तडक पंपघरात गेल्या.

पंपमास्तर हा बाईंचा जुना चाहता. पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय असं वाटलं की तो बाईंना बोलावून आणायचा आणि बाई कान लावून सांगायच्या, तिसरं जातंय. केंद्रात सगळे म्हणायचे, बाईंचा कान म्हणजे कान.

"दहा मिनिटं पंप बंद ठेवायचे?" पंपमास्तराने डोकं खाजवलं. "शहराला काय सांगू? चिमण्यांना गाणं सुचत नाही म्हणून?"

"साठा आहे की वरच्या टाकीत. कोणाला कळणारही नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणून करतो," तो म्हणाला, "पण माझ्या नोकरीवर बेतलं तर तुमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला येईन."

दुसऱ्या दिवशी पहाटे पंप थांबले. माळावर इतकी शांतता पसरली की बाईंना स्वतःच्या बुटांचा आवाज मोठा वाटला. दोन नर उडाले. दोघांच्या चोची उघड्या होत्या आणि दोघेही मुके. म्हणजे पंपांचाही दोष नव्हता. बाईंनी ही हकिगत साहेबांना सांगितली, तेव्हा साहेबांनी शांतपणे ठरावाचा कागद पुढे केला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथे 'गाणारे' लिहिलंय बाई. मुक्या पक्ष्याला मी कसा मोजू?"

बाईंनी तो शब्द पुन्हा वाचला आणि कागद परत दिला. प्रश्न मात्र पहिल्यापेक्षा मोठा झाला होता.

त्याच सुमारास त्यांची नणंद महिनाभरासाठी राहायला आली. नणंदेच्या घराला रंग लावायचं काम चाललं होतं आणि तो वास तिला सोसत नव्हता. ती कपडे अल्टर करायची, स्वतःचं दुकान होतं, आणि बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. तोंडाचा पट्टा अखंड चालू. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांना ती घाबरायची. म्हणून साहेबांची परवानगी काढून बाई तिला कुंपणाच्या आत घेऊन गेल्या. अट एकच घातली.

"वन्सं, पाइपापाशी थांबलो की पाच मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पाच मिनिटं? माझ्या लग्नातसुद्धा मी एवढा वेळ गप्प नव्हते."

तरी तिने प्रयत्न केला. पहिल्या पाइपापाशी ती गप्प राहिली, दुसऱ्याशी राहिली. चौथ्या पाइपापाशी तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"वहिनी, तुम्ही इथे उभ्या तरी कशा राहता हो? डोक्यात सुया टोचतायत."

"का? काय झालं?"

"अहो ही चिरचिर. मशीनला तेल नसलं की करते ना, तशी. सकाळपासून चाललीये. आता वरून येतेय बघा. आता खाली आली. आता थांबली."

बाईंच्या डोळ्यांवर तेव्हा दुर्बीण होती. दुर्बिणीत एक नर त्याच क्षणी गवतात उतरला होता आणि त्याने चोच मिटली होती.

बाईंनी दुर्बीण खाली केली. नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्या गेली तीस वर्षं बजावत होत्या, आकडा विचित्र आला तर पाण्यावर संशय घेऊ नका, आधी उपकरण तपासा. त्यांनी नणंदेला पाठमोरं उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, चिरचिर सुरू झाली की हात वर, थांबली की खाली.

नर उडाला, चोच उघडली, नणंदेचा हात वर गेला. नर उतरला, हात खाली आला. दुसरा उडाला, हात वर. मध्येच बाईंनी मुद्दाम "आता?" असं विचारून पाहिलं. नणंद म्हणाली, "आता कुठे, आता काहीच नाही." आकाशातही तेव्हा काही नव्हतं. चौदा वेळा करून पाहिलं, चौदा वेळा जुळलं. प्रयोगशाळेत एवढं जुळलं असतं तर बाईंनी सर्वांना चहा पाजला असता.

त्या स्टुलावर बसल्या नाहीत, गवतातच बसल्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. सहा वर्षं दर हंगामात त्या घरी येऊन सांगत होत्या, यंदा आणखी कमी झाले. सहा वर्षं त्यांनी ज्यांचं दुःख केलं, ते डोक्यावर गात होते.

"वहिनी, बरं वाटत नाही का?"

"तुम्हाला हा आवाज पहिल्या पाइपापासून येतोय?"

"फाटकापासून येतोय. तुम्ही बोलू नका म्हणालात म्हणून."

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला विचारलं. ते नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. वर्तमानपत्राची घडी घालत त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"अहो, मला कमी ऐकू येतं का?"

"बोललेलं येतं," ते म्हणाले. "थर्मामीटर वाजलेला येत नाही. वॉशिंग मशीन संपल्यावर वाजतं, तेही नाही."

"कधीपासून?"

"असतील पाच-सहा वर्षं. मी उठून बंद करतो."

"आणि मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"त्यात काय सांगायचं? कपडे तर मीच वाळत घालतो." मग वर्तमानपत्र बाजूला ठेवून ते म्हणाले, "पक्ष्यांशी त्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं."

ते खरं बोलत होते, म्हणून बाईंना त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

मोजणीच्या दिवशी नणंदेने बोटं दाखवली आणि बाईंनी आकडे लिहिले. एकमेकांजवळ उडणारे दोन नर एकच धरले जाऊ नयेत म्हणून बाई दुर्बिणीतून बघत होत्या. बारा पाइप झाले. बेरीज सव्वीस.

इथे बाईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी करायला नको होती. त्यांनी सव्वीस आकडा लिहिला आणि खाली फक्त आपली सही केली. नणंदेचं नाव लिहिलं नाही, कानांबद्दल ब्र काढला नाही. तीस वर्षांत त्यांचा एकही आकडा कोणी खोडला नव्हता, पंपमास्तर त्यांना बेअरिंग ऐकायला बोलावत होता, आणि हे सगळं एका ओळीत घालवायला त्यांचा हात धजला नाही. आकडा खरा आहे, कसा आला हे कोणी विचारलेलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

साहेबांनी वही बराच वेळ पाहिली.

"गेल्या वर्षी नऊ. यंदा सव्वीस. आणि मंडळाची बैठक आठ दिवसांवर."

"हंगाम चांगला आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही खोटं लिहाल असं मी म्हणणार नाही. पण मंडळातले लोक म्हणतील." साहेबांनी वही टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. "बाहेरचा माणूस बोलावू. त्याचा आकडा अखेरचा."

बाईंना हायसं वाटलं. बाहेरचा माणूस येईल, ऐकेल, सव्वीस-सत्तावीस मोजेल आणि आपली झाकली मूठ तशीच राहील. शनिवारी पहाटे पक्षीगणनेचे सर आले, तेव्हा तर त्यांना आणखी बरं वाटलं. माळरानांवरचे पक्षी मोजण्यात सरांनी पस्तीस वर्षं घालवली होती. सरांनी पक्षी आहेत म्हटलं की आहेत, नाहीत म्हटलं की नाहीत, असा त्यांचा दबदबा. बाईंनी त्यांची भाषणं ऐकलेली होती, टिपणं काढलेली होती. सर अडुसष्ट वर्षांचे, ताठ, घोट्यापर्यंतचे बूट, कातडी पाकिटातली जुनी दुर्बीण आणि खिशात एक जाडजूड वही.

सर, साहेब, बाई आणि नणंद अशी वरात निघाली. पहिल्या पाइपापाशी सरांनी डोळे मिटले. पाच मिनिटं ते पुतळ्यासारखे उभे राहिले. साहेबांच्या पाठीमागून नणंदेने बाईंना दोन बोटं दाखवली. सरांनी डोळे उघडले आणि वहीत शून्य लिहिलं.

बाईंना वाटलं, असेल, वारा असेल. दुसऱ्या पाइपापाशी नणंदेची तीन बोटं, सरांचा एक. तिसऱ्याशी दोन आणि शून्य. पाचव्या पाइपापर्यंत बाई पक्ष्यांकडे बघायचं सोडून सरांकडेच बघायला लागल्या होत्या. हे मिटलेले डोळे, ही एका बाजूला कललेली मान, हे शून्य लिहिताना ओठ किंचित मुडपणं, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. सहा वर्षं त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या.

बाराव्या पाइपापाशी सरांनी बेरीज केली.

"आठ," ते म्हणाले. "बाईंच्या गेल्या वर्षीच्या नऊशी नीट जुळतंय. उतरण चालूच आहे. यंदाचे सव्वीस कुठून आले, ते मात्र मला समजत नाही."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि बाईंना ती रागापेक्षा जड गेली. आपल्या जुन्या चुका आता सरांच्या आकड्याला साक्ष देत होत्या. आत्ता गप्प बसलं तर सोमवारी गवत खरवडायचा आदेश निघणार, आणि बोललं तर सगळ्यांसमोर बोलावं लागणार.

"सर, माझे नऊ चुकीचे आहेत," बाई म्हणाल्या. "त्याआधीची पाच वर्षंही चुकीची आहेत. पंपाची घरघर मला येते, पण हा बारीक आवाज अगदी जवळ असला तरच येतो. यंदाची मोजणी माझ्या या नणंदेने केली. सही मी एकटीने केली. मला सांगायची लाज वाटली म्हणून केली."

साहेब वळून नणंदेकडे बघायला लागले. 

"वयाने होतं असं," सर मायेने म्हणाले. "त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आज मोजणी मी केली आहे."

"म्हणूनच म्हणते, दुर्बीण लावा. तिकडे, दहाव्या पाइपाच्या डावीकडे. तो आता उडेल."

सरांनी दुर्बीण लावली. नर उडाला, चढला, पंख ताठ करून तरंगत खाली यायला लागला. सर बघत राहिले.

"ते किडे वाजतायत तेच का?" मध्येच साहेबांनी विचारलं.

"किडे कुठले," नणंद म्हणाली, "तोच आहे तो. बघा, आता थांबला."

"हे तर मी रोज ऐकतो," साहेब म्हणाले. "माझ्या खिडकीतून येतं. दोनदा फवारणी करून घ्यायचा विचार होता. मला वाटायचं नाकतोडे असतील."

ज्यांना ऐकू येत होतं त्यांना तो पक्षी आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना पक्षी ठाऊक होता त्यांना ऐकू येत नव्हतं. सगळा घोळ एवढाच होता.

सरांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. दुसरा नर उडाला, त्यालाही ते उतरेपर्यंत बघत राहिले. मग तिसरा. बाईंना माहीत होतं ते काय बघतायत. उघडी चोच, थरथरणारा गळा आणि चहूकडे शांतता. त्यांना वाटलं, आपण हे जरा हळू सांगायला हवं होतं. पण हळू सांगायची काही पद्धत त्यांना सुचली नसती.

साहेब नीटनेटके असले तरी हट्टी नव्हते. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्या पाइपापाशी नेलं आणि या वेळी स्वतः कागद घेतला. नणंद एका बाजूला तोंड करून मोजणार, साहेब दुसऱ्या बाजूला, एकमेकांना आकडा दाखवायचा नाही. बाई दुर्बिणीतून बघत होत्या. ऊन चढायला लागलं होतं तरी नर गातच होते. नणंदेचे चोवीस झाले, साहेबांचे तेवीस.

"एक माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा मी शिंकलो होतो," साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली. मग तो कागद नणंदेपुढे धरून तिचीही घेतली. "गवत राहील बाई. सोमवारी मंडळाला मी स्वतः सांगतो."

बाईंनी आपली वही उघडली. प्रयोगशाळेत चुकलेला आकडा पुसत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारतात, शेजारी सही आणि तारीख घालतात, म्हणजे चूक वाचता येते. त्यांनी सहा रेघा मारल्या, सहा सह्या केल्या. नऊवर रेघ मारताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू. मग यंदाच्या सव्वीसशेजारी त्यांनी नणंदेचं नाव लिहिलं.

सर पाइपाच्या सिमेंटच्या कठड्यावर बसले होते. दुर्बीण त्यांनी पाकिटात घातली होती आणि मांडीवर आपली जाडजूड वही घेऊन ते मागची पानं उलटत होते. आजची नाही, गेल्या वर्षीची, त्याच्याही मागची.

"चार माळ मी रिकामे म्हणून लिहिले," ते म्हणाले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. "गेल्या सात वर्षांत. चारही ठिकाणी मी एकटाच गेलो होतो."

बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. 

"दोन ठिकाणी आता गोदामं आहेत," सर म्हणाले.

"आणि बाकीच्या दोन ठिकाणी?" नणंदेने विचारलं.

"एकावर अजून गवत आहे. दुसऱ्यावर सोमवारपासून यंत्रं लागणार आहेत." सरांनी वही मिटली नाही. "माझ्याच अहवालावरून."

नणंदेने बाईंच्या हातातून दुर्बीण घेतली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"आज शनिवार आहे," ती म्हणाली, आणि फाटकाकडे चालायला लागली.